खडूची फुली

पन्हाळ्यावरच्या एका रिसॉर्टची हिरवळ. आमच्या फौंड्रीतले, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातले, २४ जण अर्धगोल करून उभे. पुण्याहून आलेले ट्रेनर सर समजावून सांगत होते: डोळे मिटायचे, हातांची घडी छातीवर आणि वळून न बघता सरळ पाठीवर पडायचं. मागचे सहा जण झेलतील. यानं टीममधला विश्वास वाढतो म्हणे. अकाउंट्सचा पोरगा पडला, त्याला झेललं, टाळ्या. मी पडले, मला झेललं, जरा जास्तच टाळ्या. मग तात्यांचा नंबर आला.

तात्या म्हणजे आमच्या भट्टीवरचे मिस्त्री. वयानं मालकांपेक्षा थोरले, त्यामुळं मालकसुद्धा त्यांना तात्याच म्हणतात. ते घडी घालून उभे राहिले ते राहिलेच.

"सर, रोज अंगाजवळनं टनभर रस जातोय, चौदाशे डिग्रीचा. क्रेनवाल्यावर भरवसा हाय म्हणूनच थांबतोय न्हवं का तितं? आता हितं गवतावर पडून आनी काय दावू?"

हशा झाला. मागून कुणीतरी 'विश्वास तर पानिपतात गेला' हा जुनापुराणा विनोद टाकला, त्यालाही हसून झालं. दुपारी तांबडा-पांढरा झाला, तटावर ग्रुप फोटो झाला, संध्याकाळी आम्ही खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये मोल्डिंगवाले म्हणाले रस गार होता. मेल्टिंगवाले म्हणाले वाळू ओली होती. वाळूवाले म्हणाले कोअर कच्चे होते. कोअरवाला त्या दिवशी रजेवर होता, म्हणून सगळं त्याच्यावर गेलं. कालचेच लोक, सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, आणि कुणी कुणाला झेलत नव्हतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये काम करते. (आम्ही कोल्हापूरच्या बायका तोंडानं 'मी जातो, मी करतो' असंच बोलतो, लिहिताना शाळेतल्या बाई आठवतात, म्हणून 'करते'.) उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, यांतल्या कुठल्याही ठिकाणी डोळे झाकून दगड मारा, तो फौंड्रीच्या नाहीतर मशीनशॉपच्या पत्र्यावरच पडेल. माझं काम सोपं आहे. ओतलेल्या लोखंडाचा तुकडा कापायचा, घासून आरशासारखा करायचा, ॲसिडचं बोट लावायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मग कागदावर 'ओके' किंवा 'होल्ड'.

त्या तुकड्यात काय बघायचं, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. साध्या बिडात कार्बनचे पापुद्रे असतात, म्हणून बीड आपटलं की फुटतं. आम्ही एसजी करतो, म्हणजे तेच लोखंड, पण त्यातला कार्बन गोल गोळ्यांच्या रूपात. लेन्सखाली मोहरी सांडल्यासारखी दिसते. हे गोळे होतात मॅग्नेशियममुळं. लॅडलच्या, म्हणजे रस न्यायच्या बादलीच्या, तळाशी मॅग्नेशियमचा मिश्रधातू ठेवायचा आणि वरून रस सोडायचा. पांढराशुभ्र भडका उडतो, धुराचा लोट पत्र्याला जाऊन भिडतो. आणि त्या क्षणापासून घड्याळ सुरू. मॅग्नेशियम रसात फार वेळ टिकत नाही, जळून, उडून जातं. साधारण ८-१० मिनिटांत लॅडल वाळूच्या साच्यांच्या पेट्यांमध्ये रिकामं झालंच पाहिजे. उशीर झाला की गोळे बिघडायला लागतात, मोहरीच्या जागी गांडुळं दिसायला लागतात. गंमत अशी की बाहेरून कास्टिंग अगदी तसंच. रंग तोच, वजन तेच. उशीर झाला होता हे फक्त तिथं उभ्या असलेल्या माणसांना माहीत असतं.

म्हणजे आमच्या सगळ्या धंद्याचा भार रात्री अडीच वाजता पोअरिंगवर, म्हणजे रस ओतायच्या जागी, उभ्या असलेल्या दोन-तीन माणसांच्या तोंडावर आहे. ते उघडतं की मिटलेलं राहतं, एवढंच.

एकदा ते उघडलं होतं. पोअरिंगवर ओडिशातला एक पोरगा होता, विशीतला, अंगानं काटक. पहाटे सहाला मी लॅब उघडली तेव्हा तो दाराशी उभा होता. "मॅडम, लास्ट लॅडल लेट हुआ. क्रेन अटक गया था." किती वाजता? "दो चालीस." त्यानं मोबाइलवर वेळ बघून ठेवली होती. मी तो लॉट अडवला, शेवटच्या पेटीतलं कास्टिंग कापलं. गांडुळंच. गाडी भरायच्या आत माल बाजूला निघाला.

मी खुशीत होते. सकाळच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला, "कुणी सांगितलं?" आणि मी त्या पोराचं नाव घेतलं. अगदी अभिमानानं घेतलं, त्याचं कौतुक होईल म्हणून.

त्या महिन्याचा त्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला. कारण लिहिलं होतं, 'लॅडल लेट'. वर रात्रपाळीच्या सुपरवायझरला खटकलं ते वेगळंच. "पहले मेरे को क्यों नहीं बोला?" मग पंधरा दिवस पोरगा पोअरिंगवरून उचलून नॉकआउटला, जिथं पेट्या फोडतात आणि तापलेल्या वाळूच्या धुरळ्यात शेजारचा माणूस दिसत नाही. मला हे कळलं महिन्यानं, तेही कॅन्टीनमध्ये, दुसऱ्याच्या तोंडून. कळल्यावर मी काय केलं? काही नाही. 'प्रॉडक्शनचा विषय आहे,' असं स्वतःशी म्हणाले आणि चहा संपवला. हा लेख मी का लिहितेय असं कुणी विचारलं, तर त्या चहामुळं, असं उत्तर देईन.

पुढं तीनेक महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, डिस्पॅचची घाई. क्रेन पुन्हा अडकली. मधल्या काळात ती कितीदा अडकली असेल देव जाणे. तिच्या ब्रेकची तक्रार रजिस्टरमध्ये कधीपासून पडून होती. नियम असा की तपासणीचा तुकडा शेवटच्या पेटीबरोबर ओतायचा, म्हणजे सगळ्यात वाईट काय ते माझ्यासमोर येतं. त्या रात्री तो पहिल्या पेटीबरोबर ओतला गेला. सकाळी माझ्या टेबलावर सुंदर मोहरी. मी 'ओके' लिहून सही केली.

दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन. बोल्ट आवळताना ब्रॅकेटला तडे जातायत.

आम्ही चौघं जण गाडी करून त्यांच्या आवारात गेलो. ढिगानं माल पडलेला, सगळा तपासायचा. एवढे तुकडे कुठून कापणार? मग जुना उपाय, हातोडी. चांगलं एसजी कास्टिंग टांगून हातोडी मारली की देवळातल्या घंटेसारखं 'टण्ण' वाजतं आणि नाद रेंगाळतो. बिघडलेलं 'ठप्प' म्हणतं. मधले काही असतात, ते 'टण' म्हणतात पण नाद लवकर मरतो. त्यांनीच जीव खाल्ला. दोन दिवस उन्हात ठोकाठोक. माझे कान पहिल्या दुपारीच बधिर झाले. तात्यांना अलीकडं एका कानानं कमीच ऐकू येतं. आणि उचल-ठेव करायला म्हणून आणलेला तो ओडिशाचा पोरगा, तो डोळे मिटून ऐकायचा आणि बोटानं दाखवायचा, हा इकडं, तो तिकडं. त्यानं वेगळे काढलेल्यातले तीन मी नंतर कापून बघितले. तिन्ही खराब.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावलीत डबा खाताना मी विचारलंच. "उस रात तू बोला क्यों नहीं?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. आमच्यात राहून भाकरी खायला शिकलाय. म्हणाला, "एक बार बोला था ना, मॅडम."

आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा डब्याकडं.

आजोळी, पन्हाळा तालुक्यात, आमच्या मामांचं गुऱ्हाळ होतं. तिथंही रसच, पण उसाचा. काहिलीजवळ गुळव्या उभा राहायचा आणि चुलवाणाच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, चिपाड सारणारा माणूस बसायचा. वरच्याला जाळ दिसत नाही, खालच्याला पाक दिसत नाही. गुळव्या पाक गार पाण्यात सोडून गोळी होते का बघायचा आणि ओरडायचा, "दम धर!" की जाळ कमी. "सार!" की चिपाडाचा भारा आत. चुकून पाक पुढं गेला की आख्खं आधण वाया. लहानपणी मला वाटायचं सगळा मान गुळव्याचा. पण एकदा खालच्या म्हाताऱ्यानंच वर ओरडून सांगितलं, "माझी डुलकी लागली, जाळ जास्ती झाला, बघा!" गुळव्यानं एक शिवी हासडली, छापता येणार नाही अशी, पण हात तोवर कामाला लागले होते. चौघांनी मिळून काहील लवकर उतरवली आणि गूळ वाचला. संध्याकाळी त्या म्हाताऱ्याला गरम गुळाचा खडा सगळ्यांच्या आधी मिळाला होता. शिवीही मिळाली आणि गूळही. मला तो हिशेब चोख वाटतो.

गिऱ्हाइकाच्या त्या प्रकरणानंतर वरून आलेला उपाय म्हणजे पन्हाळ्याचं ट्रेनिंग. ते झाल्यावर भिंतीवर एक पोस्टरही लागलं, एकात एक अडकलेले हात, खाली इंग्रजी वाक्य. पोस्टरवर आठवड्याभरात काजळी बसली.

खरा उपाय तात्यांच्या डोक्यातून निघाला, आणि तो एवढा गावठी होता की सांगायला लाज वाटावी. खडूची पेटी. पोअरिंगवर, मोल्डिंगवर, क्रेनच्या शिडीशी खडू ठेवायचे. कुणालाही एखाद्या पेटीबद्दल शंका आली, लॅडलला उशीर झाला, वाळू ढासळली, रस गार वाटला, तर पेटीवर फुली मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. नाव लिहायचं नाही. फुलीची पेटी नॉकआउटवाल्यानं वेगळी फोडायची आणि त्यातला माल लाल ट्रॉलीत टाकायचा. लाल ट्रॉली माझ्याकडं.

"आनी एक," तात्या मालकांना म्हणाले, "कुनी मारली ह्ये इच्यारायचं न्हाई. किती वाजता, येवढंच इच्यारायचं."

मालक दुसऱ्या पिढीतले, शिकलेले, मनानं वाईट नाहीत. पण त्यांच्याही वर गिऱ्हाईक आहे, डेबिट नोट आहे, बँकेचा हप्ता आहे. त्या सुपरवायझरला मी बरेच दिवस मनात खलनायक करून ठेवलं होतं. पुढं कळलं, त्या दिवाळीत गाडी चुकली असती तर त्याची नोकरीच गेली असती, तसं त्याला बजावलं होतं. पोरगा त्याला भ्यायला, तो मॅनेजरला, मॅनेजर मालकांना, मालक गिऱ्हाइकाला. भीती वरून खाली उतरत होती आणि खरी बातमी खालून वर चढत नव्हती. बाकी सगळं या एका जिन्याचं काम.

पहिले दोन दिवस एकही फुली नाही. खडू कोरे. तिसऱ्या रात्री सहा पेट्यांवर फुल्या, वेळ ३.१०. अक्षर कुणाचं ते सगळ्यांना कळलं, कारण तीनचा आकडा ओडिया वळणाचा होता. सकाळी सगळा शॉप मीटिंगकडं कान लावून. सहा पेट्यांचा माल म्हणजे चांगलं नुकसान होतं. मालकांनी कागद बघितला, मान वर केली आणि म्हणाले, "कु..."

तात्या खोकले.

"किती वाजता?" मालक म्हणाले.

तीन वाजून दहा मिनिटं. तेव्हा काय झालं? क्रेन. क्रेनला काय झालं? ब्रेक. रजिस्टर आणलं. तक्रार सापडली, एकदा नाही, चारदा. त्या दुपारी माणूस येऊन ब्रेकचे लायनर बदलून गेला. महिनाअखेरीला पोराच्या पगारातून एक रुपया कापला नाही, ते त्यानं स्वतः दोनदा मोजून बघितलं. मी समोरच होते.

त्यानंतर फुल्या वाढल्या. एवढ्या वाढल्या की फलकावरचा रिजेक्शनचा आकडा चढला आणि मालक घाबरे झाले. "हे बंद करा, आधी बरं होतं." तेव्हा मी कुठंतरी वाचलेलं त्यांना सांगितलं. अमेरिकेत हार्वर्डच्या एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासल्या. अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी होत असतील. आकडे आले उलटेच, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या बोलून दाखवत होती. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी टीममधल्या या मोकळेपणावर मोठा निबंध लिहिला. मालकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हॉस्पिटलचं ठीक आहे, आपलं काय?" मग मी त्यांच्या भाषेत सांगितलं. "साहेब, पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. मधल्या चार फुटांत माणसं जनावरं सोडतात, धान्य माळ्यावर चढवतात. पाणी ३९ वर आलं असं सांगणाऱ्यावर कुणी चिडतं का?"

पंचगंगेची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याचा आकडा पावसाळ्यात रोज सकाळी दात घासता घासता बघणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं. खडू राहिला.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. एका मोल्डरचं आणि नॉकआउटवाल्याचं गावाकडचं भांडण होतं. त्यात आठ दिवस खोट्या फुल्यांचा पाऊस पडला. लाल ट्रॉली भरून वाहायला लागली आणि मी वैतागून खडूच काढून टाकायला निघाले होते. शेवटी तात्यांनी दोघांना टपरीवर नेलं. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. कधी खडू संपायचे आणि स्टोअरवाला आणायला विसरायचा. कधी रात्रपाळीला आळस. आणि काही जण आजही फुली मारत नाहीत. त्यांना घरून निघतानाच सांगितलेलं असतं, 'आपण भलं, आपलं काम भलं.'

आम्हा कोल्हापूरकरांबद्दल माझी एक तक्रार आहे. संकटात आमच्यासारखी माणसं नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, ट्रकच्या रांगा लागल्या, तेव्हा आसपासच्या लोकांनी ड्रायव्हरना जेवणं पुरवली. आमच्या शॉपमध्ये अडकलेली माणसं एका पातेल्यात जेवली, ओडिशा, बिहार, हातकणंगले, सगळी. कुणी कुणाला विचारलं नाही. आणि पाणी उतरल्यावर दहा दिवसांत पुन्हा चहाचे दोन गट: स्थानिकांचा टपरीच्या बाकावर, बाहेरच्यांचा भिंतीच्या कडेला उकिडवा. पुरातला एकोपा खराच असतो, पण तो पाण्याबरोबर उतरतो. साध्या मंगळवारी, कुणीही बुडत नसताना, शेजारच्याचं ऐकून घेणं आम्हाला जड जातं.

याच गावात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे. ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्याला त्यांनी हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं थांबून चहा मागवला. मग बरोबरच्या मंडळींना प्यावाच लागला. पोस्टर लावलं नव्हतं. आमचे मालक काही महाराज नव्हेत, पण हल्ली महिन्यातून एखाद्या रात्री अडीचला ते शॉपमध्ये येतात, भिंतीच्या कडेच्या गटात उकिडवे बसतात आणि चहा घेतात. गुडघे दुखतात त्यांचे. तरी बसतात. त्या रात्री कुणी काही विशेष बोलत नाही. क्रेनकडं मात्र सगळे जरा जास्त वेळ बघतात.

तो पोरगा आता पोअरिंगचा लीडर आहे. मराठी बोलतो, आणि तेही आमच्या वळणाचं, 'काय भावा' सकट.

मागच्या महिन्यात सकाळी लॅबला आले तर फलकावर लावलेल्या माझ्या रिपोर्टवर, माझ्या सहीच्या बरोबर बाजूला, खडूची फुली. ठसठशीत. खाली वेळ, १.२५. एवढ्या वर्षांत माझ्या कागदाला कुणी हात लावला नव्हता. कानशिलं तापली. मी तशीच शॉपमध्ये गेले. नंतर निघालं ते असं की त्या रात्री घाईत दोन हीटच्या, म्हणजे भट्टीच्या दोन घाण्यांच्या, तुकड्यांची अदलाबदल झाली होती, माझ्याच टेबलावर, आणि फुली अगदी बरोबर होती. पण ते नंतर. त्या वेळी भट्टीपुढं तात्या होते, पोरगा होता, क्रेनवाला शिडीवरून उतरत होता, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"कुणी मारली ही?"

तात्या खोकले.